साहेबांचा कोट आणि आमची मोटार

माझ्या आयुष्यात पोलिसांनी मला तीन वेळा सलाम ठोकला. तिन्ही सलाम एकाच दुपारी, तासाभराच्या आत, आणि तिन्ही चुकून. त्यानंतर कुणी ठोकला नाही, आणि ठोकावा असं मी काही केलंही नाही. ही हकीकत मी घरात सांगतो तेव्हा सगळे हसतात, कारण मी ती हसण्यासारखीच सांगतो. नातवंडांना रेल्वेच्या फाटकापर्यंतचा भाग तोंडपाठ आहे. पोलीस ठाण्यातला भाग मी त्यांना कधी सांगितला नाही. तो आता लिहून टाकतो. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेच्या एका गल्लीत शिवणाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. विचारलं तर अप्पा ‘पुष्कळ’ म्हणत आणि कामाला लागत. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कानडी, आणि रागावले की दोन्ही. अप्पा पुरुषांचे कोट शिवत. लग्नाचे कोट, वकिलांचे काळे कोट आणि पोलीस अधिकाऱ्यांचे खाकी कोट. सगळी पेट, म्हणजे सगळी बाजारपेठ, त्यांना ‘मास्तर’ म्हणायची.

अप्पांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचं कापड घरातल्या कुणाच्या अंगाला लागता कामा नये. इतर दुकानांत काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचा तरी शिवून तयार असलेला कोट कुणाच्या तरी मेहुण्याच्या अंगावर एखाद्या लग्नाला जाऊन यायचा, वरून इस्त्री फिरवली की काम झालं. अप्पांना त्याची शिसारी होती. ते म्हणत, “माणूस आपल्यासमोर हात वर करून उभा राहतो. पोट सुटलेलं, एक खांदा पडलेला, सगळं आपल्याला दाखवतो. अन् आपण त्याचं कापड उष्टं करायचं?” उष्टं हा त्यांचाच शब्द. अक्का, माझी थोरली बहीण, सात-आठ वर्षांची असताना तिनं दुकानात आलेल्या एका रेशमी अस्तराचा पदर करून आरशात पाहिलं होतं. अप्पा दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले, झालं ते सांगितलं आणि नवं अस्तर आणून घातलं. तो माणूस म्हणे अवाक झाला. त्याला कळलंही नसतं. पण म्हणूनच चिकपेटेत अप्पांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाखेरीज आमच्याकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

नाही म्हणायला मोटार होती. कँटोन्मेंटात राहणारा एक म्हातारा इंग्रज अप्पांकडं सूट शिवायचा. तो कायमचा विलायतेला निघाला तेव्हा जाता जाता आपली जुनी मोटार अप्पांच्या गळ्यात मारून गेला. काळी, उंच टपाची, सुरू करताना खोकणारी. आमच्या गल्लीत ती शिरली की दोन्ही भिंतींना वीतभर जागा उरायची. अप्पा रविवारी आम्हाला लालबागेला नेऊन आणत. लग्नाकार्याला कुणी मागितली तर स्वतः चालवत नेत. मला त्यांनी एका मोकळ्या मैदानावर क्लच, ब्रेक, गिअर शिकवलं होतं, आणि त्याच मैदानावर बजावलं होतं की अठरा पुरी होईपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही.

मला तेव्हा सोळावं लागलं होतं. एसेस्सेल्सीचं, म्हणजे मॅट्रिकचं, वर्ष होतं. अंगानं ताडमाड वाढलो होतो, डोक्यानं त्या मानानं कमी.

त्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. बंगळुरात याला आयुधपूजा म्हणतात. सकाळी अप्पांनी मशिनी पुसल्या, कात्र्या, टेप, इस्त्री सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मग मोटार धुतली, तिच्या बॉनेटला केळीचे खुंट बांधले, आत स्टिअरिंगच्या चाकाला शेवंतीची माळ गुंडाळली आणि हळदीची बोटं ओढली. आमच्या कानडी शेजाऱ्यांत पूजा झाली की चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी गावातून फिरवून आणतात. आमच्यात उलटं. पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागचं हलवायचं नाही, त्याला एक दिवस विसावा. त्यामुळं सगळं शहर हॉर्न वाजवत फिरत असताना आमची मोटार नवरीसारखी नटून दारात उभी.

माझ्या वर्गातला एक मुलगा नुकताच राजाजीनगरच्या नव्या वस्तीत राहायला गेला होता. त्याच्या वडिलांनी स्कूटर घेतली होती. तो मला आदल्या आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाला होता, “तुमची मोटार चालते तरी का रे? की नुसती पूजेला ठेवलीय?” पोरं हसली. एवढंसं कारण. पण सोळाव्या वर्षी एवढं पुरतं.

जेवण करून अप्पा झोपले. आई आणि अक्का शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. मी दुकानात शिरलो. भिंतीवर पांढऱ्या पंच्याखाली आमच्या भागाच्या पोलीस इन्स्पेक्टरांचा नवा कोट टांगलेला होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीचा बंदोबस्त, त्यांचे वरिष्ठ साहेब येणार, म्हणून खास शिवलेला. अप्पांनी त्याच्यावर आठ दिवस घालवले होते. संध्याकाळी ठाण्याचा माणूस येऊन तो नेणार होता. मला लायसन नव्हतं, मिसरूड धड फुटली नव्हती, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस उभा होता. मी विचार केला, खाकी खाकीला अडवत नाही. कोट अंगात घातला. खांद्यात तो मला थोडा सैल होता, पण मोटारीत बसलेल्या माणसाचे खांदे कोण बघतो?

खाली माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमाच होता. आणि चपला मी दाराशी काढून ठेवल्या. पूजलेल्या मोटारीत चपला घालून कसं बसायचं? म्हणजे गिऱ्हाइकाचा कोट चालतो, विसावलेली मोटार हलवलेली चालते, पण चपला चालत नाहीत. माझ्या धर्मबुद्धीची उडी ही एवढी. अनवाणी पायानं मी क्लच दाबला आणि मोटार उतारावरून हळूच गल्लीबाहेर काढली.

पहिला सलाम पेटेच्या तोंडाशीच मिळाला. ट्रॅफिकच्या शिपायानं खाकी कोट पाहिला, टाचा जुळवल्या आणि माझ्यासाठी बैलगाड्या थांबवल्या. माझा हात आपोआप कपाळाकडं गेला. दुसरा सलाम पुढच्या सर्कलवर. त्याला मी नुसती मान हलवली, कारण खरे साहेब तेवढंच करतात हे मी पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत मी इतका सुखात होतो की मला अप्पांची आठवणही आली नाही. घामानं तळवे ओले झाले होते आणि चाकावरची हळद हातांना, हातांवरून बाह्यांना लागत होती, तेही दिसलं नाही.

राजाजीनगरच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद होतं. फाटकाजवळ एक वयस्कर शिपाई उभा होता. त्यानं तिसरा सलाम ठोकला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण सणाच्या दिवशी उन्हात उभा राहून बिचारा कंटाळला होता. तो जवळ येऊन कानडीत म्हणाला, “सार, माझी ड्यूटी संपली. स्वल्प पुढं सोडता का?” मी समोर फाटकाकडं बघत राहिलो. त्यानं ती परवानगी समजून पलीकडचं दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि त्याची नजर खाली गेली. पट्ट्यांचा पायजमा, आणि पेडलवर दोन उघडे पाय. त्यानं पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं.

“कुणाचा रे तू?” त्यानं विचारलं.

मी लगेच सांगितलं. दुकान, गल्ली, बापाचं नाव, सगळं. फाटक उघडलं तरी मी सांगतच होतो.

त्याला मोटार चालवता येत नव्हती. म्हणून त्यानं मलाच ती मागं फिरवून आमच्या भागाच्या ठाण्यात न्यायला लावली. स्वतः शेजारी बसून राहिला. जप्त झालेली मोटार जप्त झालेल्या माणसानंच आणून हजर केली. नातवंडांना सांगतो ती गोष्ट इथं संपते.

ठाण्यातही आयुधपूजेची तयारी चालली होती. व्हरांड्यात बंदुका ओळीनं मांडून त्यांना फुलं वाहिलेली, उंबऱ्यावर आंब्याची डहाळी. मला पाहून दफेदार, म्हणजे तिथला हवालदार, आधी हसला. मग त्यानं कोटाची कॉलर उलटून आतली दुकानाची पट्टी वाचली आणि त्याचं हसू गेलं. “हा तर आमच्या साहेबांचा,” तो म्हणाला. “काढ. घरी माणूस पाठवतो.”

कोट काढला तेव्हा मला बाह्या दिसल्या. दोन्ही मनगटांशी हळदीचे पिवळे पट्टे होते. मी घाबरून मागच्या नळावर गेलो. तिथं साबणाची वडी होती, ती घेऊन खसाखसा घासू लागलो. शिंप्याच्या पोटी जन्मून मला एवढं ठाऊक नव्हतं, की हळदीला साबण लागला की ती लाल होते. बघता बघता दोन्ही बाह्या मनगटापाशी लालभडक झाल्या. जितकं घासावं तितकं लाल. दफेदारानं येऊन माझ्या हातातून कोट काढून घेतला तेव्हा मी रडत होतो.

अप्पा चालत आले. धोतर, काळा कोट, टोपी, सगळं नीट घालून, कुणाच्या घरी बोलावणं असावं तसे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावरचा कोट उचलला, उजेडाकडं धरला, बाह्या पाहिल्या, मग कॉलर नाकाशी नेऊन हुंगली. तिथं माझा घाम होता. त्यांनी कोट घडी करून परत ठेवला आणि हात मागं बांधून उभे राहिले. आयुष्यात मला त्यांचा मार पुष्कळदा बसला होता. तेव्हाही बसला असता तर मी उपकार मानले असते.

इन्स्पेक्टर आले. रुंद, काळेसावळे, डावा खांदा किंचित उतरलेला. अप्पांनी तो खांदा आत पातळ गादी घालून सरळ केला होता आणि हे त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले होते, पण अप्पांसमोर आवाज चढवला नाही.

“मास्तर, मोटारीचं काही नाही,” ते म्हणाले. “पोरानं बिनलायसनची चालवली, समज देऊन सोडता येईल. पण माझ्या तीन माणसांनी याला सलाम केलाय. एकानं तर सर्कलवरून फोन करून विचारलं, कुठले साहेब गेले म्हणून. ही गोष्ट ठाण्यात राहिली नाही. आता मोटार सोडायची तर ती का धरली ते पुस्तकात लिहावं लागतं. ते लिहिलं की कोट आला. कोट आला की पोलिसाचं सोंग घेऊन फिरला, असं होतं. मग कोर्ट, आणि शाळेला चिठ्ठी. मी नाही थांबवू शकत.”

“याचं एसेस्सेल्सीचं वर्ष आहे साहेब,” अप्पा म्हणाले.

“म्हणून तर सांगतोय.”

अप्पांनी विचारलं, “कधी लिहिणार?”

यावर दफेदार जरा ओशाळला. पुस्तक आणि टाक दोन्ही पूजेत मांडलेले होते. आरती झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता. “अर्धा तास,” तो म्हणाला. “बसा मास्तर, स्वल्प बसा.”

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून. अंगणात आमची मोटार उभी होती, बॉनेटवरची केळीची पानं वाऱ्यानं चिरलेली. मला वाटलं होतं ठाण्यात चोरच येतात. पण आयुधपूजेला तिथं सगळी पेट येते, हे मला माहीत नव्हतं. भांडीवाला आला, अडत्या आला, आमच्या समोरचा कापडाचा व्यापारी आला. अप्पा ज्याच्याकडून वीस वर्षं खाकी घेत होते तोच हा व्यापारी. तो आम्हाला पाहून थबकला.

“काय मास्तर, पूजेला?”

“होय,” अप्पा म्हणाले.

त्यानं माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं, अंगणातल्या मोटारीकडं पाहिलं, आणि पुढं जाऊन उभा राहिला. आरती झाली. एका शिपायानं चुरमुरे आणि फुटाण्यांचा प्रसाद वाटत वाटत आमच्याही हातावर ठेवला. अप्पांनी एक दाणा तोंडात टाकला आणि बाकीचे मुठीत धरून बसले.

मग दफेदारानं पुस्तकाला नमस्कार केला, वरची फुलं बाजूला केली आणि टाक उचलला. साहेबांनी आम्हाला टेबलापाशी बोलावलं. पूजेला आलेले लोक अजून दारात होते. त्यांतले दोघेतिघे, तो कापडवाला धरून, ऐकू येईल इतक्या अंतरावर रेंगाळले.

“काय लिहू?” साहेबांनी विचारलं. मला वाटतं ते स्वतःलाच विचारत होते.

अप्पा बोलले. ते कानडीत बोलले, स्वच्छ आणि सावकाश, गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसं. “साहेब, कोट याच्या अंगावर मीच चढवला. याची उंची तुमच्याएवढी आहे. कोट शिवून झाला की आमच्याकडं घरातल्या माणसाला घालून बघतो, कुठं ओढतो ते कळतं. सणाच्या दिवशी तुमच्या माणसाला हेलपाटा नको म्हणून तसाच घालून मोटारीतून तुमच्याकडं पोचवायला मीच पाठवला. पोर वाट चुकलं आणि फाटकाकडं गेलं. चूक माझी आहे.”

मी अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना इतकं खोटं एकदम बोलताना पाहिलं नव्हतं. आणि खोटं तरी कुठलं निवडलं! दुसरी एखादी थाप मारली असती तर तिच्यात फक्त पोर वाया गेलेलं ठरलं असतं. ह्या थापेत त्यांचं सगळं दुकान वाया जात होतं.

साहेबांनी टेबलावरचा कोट बोटानं चाचपला. मग त्यांनी विचारलं, “आमचे सगळेच कोट असे घालून बघता मास्तर?”

“होय साहेब.”

साहेब माझ्याकडं वळले. “खरं का रे?”

आता हे लिहिताना मला तो क्षण अगदी बारीकसारीक आठवतो. दफेदाराचा टाक दौतीवर थांबला होता. कापडवाला दारात पाय पुढं टाकून उभा होता. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होते. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर कदाचित कोर्टात उभा राहिलो असतो, एक वर्ष वाया गेलं असतं, शाळेत छी-थू झाली असती. कदाचित एवढं काहीच झालं नसतं. साहेब मनानं वाईट नव्हते. आणि अप्पांना हवं होतं म्हणून मी होय म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो आहे. पण ते खरं नाही. मला सुटायचं होतं. मला त्यांचा आधार नको होता, त्यांचा आडोसा हवा होता, आणि तो मिळाला तसा मी त्याच्यामागं लपलो.

“होय,” मी म्हणालो.

दफेदारानं लिहिलं. लिहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं, कोट घरातल्या माणसांना घालून बघण्याची पद्धत असल्याचं, सगळं. अप्पांनी सही केली. मोटारीची किल्ली त्यांच्या हातात ठेवताना साहेब दुसरीकडं बघत होते. “सरी, ठीक आहे, घेऊन जा,” ते म्हणाले. “कोट मला सकाळी लागतो.”

“आज जेवणाच्या आधी पोचेल,” अप्पा म्हणाले.

मोटार त्यांनी चालवली. मी पुढचं दार उघडायला गेलो तर म्हणाले, “मागं बस.” वाटेत एवढंच बोलले. दाराशी माझ्या चपला होत्या तिथंच होत्या, आई त्यांच्याशेजारी उभी होती. अप्पांनी तिला कोट दाखवला आणि पूजेतली कात्री मागितली. आई म्हणाली, “आज?” अप्पांनी हात पुढं केला. तिनं पाटावरची कात्री उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि दिली. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून खंडेनवमीला कात्री चाललेली तिनं पाहिली नव्हती. अप्पांनी दोन्ही बाह्या उसवून काढल्या, त्याच ताग्यातल्या उरलेल्या खाकीतून नव्या कापल्या, आणि दिवेलागणीला कोट इस्त्री करून ठाण्यात स्वतः देऊन आले. कॉलर त्यांनी तीनदा वाफेखाली धरली. माझा वास जावा म्हणून.

अक्कानं एकदाच विचारलं, “काय केलंस रे तू?” मी तिलाही ठाण्यात नोंदवलेलंच सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला तिचं ते रेशमी अस्तर आठवत असणार. तिचा विश्वास बसला नाही, पण अप्पांना विचारायची तिची छाती झाली नाही.

साहेबांनी पुढचा कोट आमच्याकडं टाकला नाही. त्यांच्यामागून दोघा-तिघा अधिकाऱ्यांचं येणं थांबलं. कापडवाल्यानं कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण दिवाळीच्या आत लोक थट्टेनं विचारू लागले, “काय मास्तर, कोट नवाच आहे ना? पोरानं घालून नाही ना बघितला?” थट्टाच ती. अप्पाही हसल्यासारखं करत. आणि त्यांनी एक नवीन पद्धत सुरू केली. कोट सगळा शिवून तयार करायचा, काजंसुद्धा करायची, पण बटणं लावायची नाहीत. गिऱ्हाईक न्यायला आलं की त्याला खुर्ची द्यायची आणि त्याच्यासमोर एकेक बटण लावायचं. बिनबटणाचा कोट घालून कुणी मिरवत नाही, तेव्हा हा कुणी घातलेला नाही, हे तोंडानं न सांगता दिसावं म्हणून. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं. बाकीच्यांना वाटे, ही या दुकानाची तऱ्हाच आहे.

मी एसेस्सेल्सी पास झालो, चांगल्या मार्कांनी. पुढं के. आर. पुरमच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला लागलो. मोटार तशीच होती. लायसन मिळाल्यावर अप्पांनी एक दिवस आपणहून किल्ली माझ्यापुढं ठेवली. मी ती घेतली आणि चालवलीही. त्या दिवसाबद्दल ते घरात, बाहेर, कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे डोळे मात्र लवकर अधू झाले. कापणी, शिलाई त्यांना हातांनी साधायची, पण सुईत दोरा जाईना. गिऱ्हाईक खुर्चीत वाट बघतंय आणि अप्पा सुई उजेडाकडं धरून चाचपडताहेत, असं व्हायला लागलं. म्हणून रविवारी मी दुकानात बसू लागलो. माझं काम एकच, दोरा ओवून द्यायचा.

एका रविवारी एक तरुण वकील नवा कोट न्यायला आला. घाईत होता. चार बटणं व्हायला वेळ लागला तसा तो चुळबुळ करू लागला. सभ्य होता, थट्टा करत नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. “मास्तर, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण बटणं आधीच का लावून ठेवत नाही? एवढा कसला नियम हा?”

अप्पांचा हात थांबला. मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि पाहत राहिले, त्या अधू डोळ्यांनी माझं तोंड त्यांना कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. दुकानात आम्ही तिघंच होतो. आता ना शाळा होती, ना कोर्ट होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला, आणि परत दिली.